मृताचे देणे आणि अपराधभावाचे मोजमाप

आप्ताच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या माणसाला जे वाटते त्यासाठी मराठीत एक शब्द नाही, अनेक आहेत. अखेरच्या क्षणी जवळ नसल्याची चुटपुट लागते. दवाखाना वेळेवर बदलायला हवा होता की काय, अशी रुखरुख राहते. आईला पंढरपूरला नेण्याचे राहून गेले याची खंत वाटते. भांडणात तोंडून गेलेल्या एका वाक्याची टोचणी असते. आणि काही गोष्टी अशा असतात की त्यांना नावही मिळत नाही, त्या नुसत्या मनाला खात राहतात. 'अपराधभावना' हा शब्द या घरात उशिरा आलेला आहे. तो मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आला. आजही बोलणारा माणूस 'मला अपराधभावना आहे' असे सहसा म्हणत नाही; तो 'मला अपराधी वाटते' असे म्हणतो. या दोन वाक्यांतील फरक केवळ शैलीचा नाही. पहिल्या वाक्यात भावना ही जवळ असलेली एक वस्तू होते, आणि वस्तूविषयी 'किती?' असा प्रश्न विचारता येतो. दुसऱ्या वाक्यात माणूस स्वतःविषयी एक विधान करीत असतो, आणि विधानाविषयी पहिला प्रश्न 'खरे आहे काय?' हा असतो.

अपराधभावाच्या मोजमापाचा सारा गुंता या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून निर्माण झालेला दिसतो. मोजमाप करणाऱ्यांचा हेतू शुद्ध नाही असे मात्र मुळीच नव्हे. त्यामागे एक भयंकर घटना आहे, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय या प्रयत्नांची खिल्ली उडवणे उचित ठरणार नाही.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात 'कोकोनट ग्रोव्ह' या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मरण पावली. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी या आगीतून वाचलेल्यांचा, मृतांच्या नातलगांचा आणि इतर शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तीव्र शोकाची जी लक्षणे त्यांनी नोंदवली त्यांत शारीरिक क्लेश, मृताच्या प्रतिमेने मन व्यापून जाणे, इतरांविषयीचा रोष आणि नित्याच्या वर्तनाची घडी विस्कटणे यांच्या जोडीला अपराधभावही आहे. शोकग्रस्त माणूस मृत्यूपूर्वीचा काळ पुन्हा पुन्हा चाळतो, आपल्या चुकीचा पुरावा शोधतो आणि क्षुल्लक दुर्लक्षाला अवाढव्य रूप देतो, हे त्यांचे निरीक्षण. याच निबंधात एका तरुण पतीची हकीकत येते. पत्नीला आगीतून ओढून काढण्याच्या प्रयत्नात तो बेशुद्ध झाला, गर्दीच्या लोंढ्याने तो बाहेर फेकला गेला आणि पत्नी आत जळून मेली. तिला वाचवायला हवे होते, नाहीतर तिच्याबरोबर मरायला हवे होते, हा त्याचा ध्यास. उपचार चालू असतानाच त्याने खिडकीतून उडी घेऊन जीव दिला. अशा माणसाची यातना वेळीच ओळखता आली असती तर? मोजमापाचे सारे शास्त्र या 'तर'मधून पुढे आले आहे.

पुढची वाटचाल थोडक्यात अशी. खिन्नतेच्या विकारासाठी मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये जी श्रेणी तयार केली तीत अपराधभावाला शून्य ते चार गुण आहेत: शून्य म्हणजे अभाव, एक म्हणजे स्वतःला दोष देणे, आणि चार म्हणजे आरोप करणारे आवाज ऐकू येणे. शोकासाठी खास प्रश्नावल्या नंतर आल्या. हॉली प्रिगरसन आणि सहकाऱ्यांची १९९५ मधील १९ विधानांची सूची त्यांपैकी विशेष वापरली जाते. 'ही व्यक्ती गेली आणि आपण जगतो आहोत हे अन्याय्य वाटते', अशा आशयाचे एक विधान तीत आहे. केवळ शोकातील अपराधभाव मोजणारी १४ विधानांची श्रेणी जिए ली, मार्गारेट स्ट्रोब प्रभृतींनी चिनी शोकग्रस्तांच्या आधारे २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात अपराधभावाचे पाच घटक मानले आहेत: मृत्यूची जबाबदारी आपल्यावर असल्याची भावना, मृताला आपण दुखावले ही भावना, आपण मागे उरलो याचा सल, मृताचे ऋण फेडायचे राहिले ही जाणीव, आणि एकूण अपराधीपणाची तीव्रता.

यांपैकी चौथा घटक मराठी वाचकाला थबकवणारा आहे, पण त्याकडे वळण्यापूर्वी बेरजेचा विचार करावा लागतो. प्रत्येक विधानाला उत्तरादाखल मिळालेले गुण एकत्र करून एक आकडा काढला जातो. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या श्रेणींचे जे वर्गीकरण केले त्यानुसार असे गुण फार तर क्रम दाखवतात. तीन हे दोनपेक्षा अधिक, एवढेच त्यांतून कळते, किती अधिक हे कळत नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर व्यावहारिक तोडगेही आहेत. खरी अडचण वेगळी आहे. चुटपुट, रुखरुख, खंत, टोचणी यांना एका दांडीवर कमी-अधिक अशा क्रमाने लावता येईल काय? चुटपुट ही हुकलेल्या संधीविषयी असते, रुखरुख संशयाविषयी, खंत न घडलेल्या कृतीविषयी, टोचणी घडलेल्या कृतीविषयी. चुटपुट वाढली म्हणून तिची टोचणी होत नाही. भाषेने येथे भेद केला आहे तो विषयाचा. तीव्रता ही प्रत्येकीच्या आत वेगळी. तेव्हा पाच घटकांच्या गुणांची बेरीज म्हणजे शेर, हात आणि घटका यांची बेरीज होय. श्रेणीच्या कर्त्यांनी घटक वेगळे ठेवले हा त्यांचा विवेक; पण रुग्णाच्या कागदावर शेवटी जो उतरतो तो एकच आकडा असतो.

गंमत अशी की भावनेचा विषय महत्त्वाचा आहे, हे वैद्यकालाही एकेकाळी मान्य होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० आणि १९९४ च्या निदानपुस्तिकांनी स्वाभाविक शोक आणि विकार यांतील सीमारेषा आखताना अपराधभाव किती हे न विचारता तो कशाविषयी आहे हे विचारले. मृत्यूच्या वेळी आपण काय केले वा केले नाही याविषयीचा अपराधभाव स्वाभाविक. त्यापलीकडचा मात्र विकाराचे चिन्ह असू शकतो. २०१३ मध्ये शोकासाठी केलेला हा अपवाद निदानाच्या निकषांतून काढून टाकण्यात आला. पुढे २०२२ मध्ये 'दीर्घकालीन शोकविकार' या निदानाला पुस्तिकेत स्थान मिळाले, तेव्हा त्याच्या आठ लक्षणांत अपराधभावाचा नामनिर्देश नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षी अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात मात्र तो आहे. एकच माणूस एका ग्रंथाच्या दृष्टीने अपराधी वाटून घेतल्यामुळे रुग्ण होण्याच्या जवळ जातो आणि दुसऱ्याच्या दृष्टीने त्या कारणाने नाही. हा मतभेद आकड्यांनी मिटणारा नाही, कारण तो आकड्यांविषयीचा नाहीच.

दोन माणसांची कल्पना करावी. एक मुलगी सोळा दिवस वडिलांच्या खाटेशी बसून होती. सतराव्या दिवशी अंघोळीसाठी घरी गेली आणि त्या तासाभरात वडील गेले. दुसरा एक मुलगा आईच्या औषधांचे पैसे महिनोन् महिने दुसरीकडे खर्च करीत राहिला आणि औषधावाचून ती गेली. प्रश्नावलीवर दोघांचेही गुण सारखे येऊ शकतात. मुलीचे अधिक येण्याचाच संभव जास्त. कारण जिचे मन हळवे तिलाच टोचणी लागते, आणि ज्याला ती लागायला हवी त्याची झोप पुष्कळदा मोडत नाही. यावर मापनशास्त्राचा कैवारी म्हणेल: श्रेणी हे न्यायालय नव्हे; कोण किती दोषी हे ती ठरवीत नाही, कोणाला मदतीची गरज आहे एवढेच दाखवते. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्याच्या मर्यादेत बिनतोड आहे. बॉस्टनच्या त्या तरुणाला न्यायाधीश नको होता, कोणीतरी खिडकी बंद करणारा हवा होता.

परंतु श्रेणी या मर्यादेत राहत नाही. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर असे दोनदा तिचे वाचन होते, आणि आकडा खाली आला की उपचार सफल झाला असे मानले जाते. अर्थात शून्य हे आदर्श ठरते. तापमापकाच्या बाबतीत नेहमीचा आकडा म्हणजे आरोग्य. येथे मात्र शून्य हे आरोग्य आहे काय, याविषयी दाट शंका आहे. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले. त्याचा काहीही दोष नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येते. इतर सारे त्याची समजूत काढतील, आणि काढावीच. पण 'माझा दोष नव्हता' असे म्हणून तो लगेच निर्धास्त झाला, तर त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. घटना आपल्या हातून घडली या जाणिवेला विल्यम्स यांनी कर्त्याची खंत म्हटले. ती दोषाच्या कबुलीहून निराळी आहे आणि बघ्याच्या हळहळीहूनही निराळी आहे. खाटेपासून उठून गेलेल्या मुलीच्या मनात जे आहे त्याचा एक भाग तरी ही खंत असतो. 'तुझी काही चूक नाही' हे वाक्य तिला खरे वाटते आणि तरीही पुरत नाही, याचे कारण येथे सापडते. ते वाक्य तिच्या दोषाचे खंडन करते. तिच्या खंतेला ते स्पर्शच करीत नाही.

कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये जर्मन अपराधाचा विचार करताना अपराधाचे चार प्रकार मानले आणि प्रत्येकाचा न्यायनिवाडा कोठे व्हावा हेही सांगितले. फौजदारी अपराधासाठी न्यायालय आहे, राजकीय अपराधासाठी विजेत्याची सत्ता. नैतिक अपराधाचा निवाडा स्वतःच्या सदसद्विवेकापुढे आणि जिव्हाळ्याच्या माणसांशी होणाऱ्या संवादात व्हायचा. आणि दुसरा मेला तरी आपण जिवंत राहिलो, या पारमार्थिक अपराधाचा निवाडा ईश्वराखेरीज कोणापुढे नाही. यास्पर्स यांच्यासमोरचा संदर्भ राष्ट्रीय संहाराचा होता. तो घरातल्या मृत्यूला जसाच्या तसा लावणे गैर आहे. पण त्यांच्या मांडणीतील एक गोष्ट येथे निर्णायक आहे: अपराधाचा प्रकार बदलला की त्याचे माप घेणारा बदलतो. प्रश्नावलीत मापणारा कोण, हे मात्र अध्याहृतच राहते.

भारतीय परंपरेने अपराधाचे मोजमाप केले नाही असे नाही; तिने ते अतिशय बारकाईने केले. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त, तसेच अंत्येष्टी, आशौच आणि श्राद्ध हे विषय एकाच बांधणीत आले आहेत, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे: तीन दिवस फक्त सकाळी अन्न, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल ते, आणि तीन दिवस उपवास. चांद्रायणात चंद्रकलेबरोबर घास एकेकाने कमी होत जातात आणि वाढत जातात. कृत्य जाणूनबुजून घडले की अजाणता, करणाऱ्याचे वय काय, शक्ती किती, यांवर प्रायश्चित्ताचे प्रमाण बदलते. येथे मोजले जाते ते कृत्य आणि त्याचे परिमार्जन. भावना मोजली जात नाही. कर्त्याला किती वाईट वाटते याच्याशी घासांच्या संख्येचा संबंध नाही. या व्यवस्थेतील वर्णभेद आणि क्रौर्य झाकण्याचे कारण नाही. एकाच कृत्याला वर्णपरत्वे वेगवेगळे माप लावणारी तराजू न्यायाची म्हणता येत नाही. तरीही या गणिताच्या मध्यभागी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात एक कबुली येते. विहित तप करूनही एखाद्या कृत्याविषयी मनाला हलकेपणा आला नसेल तर तुष्टी होईपर्यंत तप करीत राहावे, असे तेथे म्हटले आहे. सारे दिवस, सारे घास मोजून झाल्यावर शास्त्रकार मनाच्या 'अलाघवा'पाशी येतो आणि आकडा खाली ठेवतो. किती, याचे उत्तर आता करणाऱ्याचे मनच देणार.

ऋणाची कल्पना याहून गुंतागुंतीची आहे. तैत्तिरीय संहितेने जन्मतःच तीन ऋणे सांगितली, त्यांत पितरांचे ऋण आहे. चिनी शोकग्रस्तांच्या उत्तरांतून संशोधकांना जो ऋणाचा घटक वेगळा काढावा लागला तो येथल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. पण एक भेद राहतो. पितृऋण हे अपराधातून उत्पन्न होत नाही. ते जन्मातून येते, आणि ते असणे ही चूक नसून नाते आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला 'आईसाठी काही करता आले नाही' असे जे वाटते त्यात किती भाग कर्तव्यच्युतीचा आणि किती भाग केवळ मूल असण्याचा, हे वेगळे करता येत नाही. प्रश्नावली ते अपराधभावाच्या खात्यात जमा करते आणि उपचारक ते फेडून टाकायला मदत करतो. जे देणे फिटावे अशी देणेकऱ्याचीच इच्छा नसते त्याचे काय करायचे, याला त्या खातेवहीत रकाना नाही.

अपराधभावाची एरवीची गती अशी की तो ज्याच्या बाबतीत अपराध घडला त्याच्याकडे जातो. तो माणूस रागावतो, क्षमा करतो किंवा 'असं काही झालंच नव्हतं' म्हणून हसतो. मृत्यूने हा पत्ताच नाहीसा होतो. मागे राहते ती उत्तर न येणारी क्षमायाचना. दहाव्या दिवशी पुण्याच्या ओंकारेश्वरापाशी किंवा नाशिकला रामकुंडावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणारी माणसे जे करतात त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कावळा शिवत नाही. मृताची काहीतरी इच्छा राहिली असे मानले जाते. आणि मग जमलेल्यांपैकी एकेक जण पुढे होऊन मृताला उद्देशून बोलू लागतो. धाकटीचे लग्न करून देऊ. जमिनीवरून भांडणार नाही. आईला अंतर देणार नाही. ज्या गोष्टी घरात वर्षानुवर्षे कोणी उच्चारल्या नव्हत्या त्या नदीकाठी चारचौघांत मोठ्याने बोलल्या जातात. कावळ्याच्या येण्याजाण्याला परलोकाशी जोडणे ही भाबडी समजूत आहे, हे सांगायला फार बुद्धी लागत नाही. पण या विधीत जे मोजले जाते ते मनातील दुःखाचे प्रमाण नाही. कोणते वचन द्यायचे राहिले होते, हे तेथे चाचपून पाहिले जाते. कावळा अखेर आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, आणि लोक घरी जातात. परीक्षा अनुत्तीर्ण झाल्यावरही माणसांना घरी जाऊ देण्याची ही सोय लहान नाही. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत अनेक कुटुंबांना अंत्यदर्शनही मिळाले नाही आणि दहावाही नीट करता आला नाही. त्या माणसांच्या वाट्याला प्रश्नावलीही आली नाही आणि कावळाही आला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात अधिकार आहे तो एका कारणाने: शोकातील अपराधभाव स्वतःशी सुसंगत नसतो, हे साहित्याने फार पूर्वी ओळखले. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या मृत्यूनंतर अज विलाप करतो. आपण अपराध केला तेव्हाही तिने कधी अव्हेर केला नाही, मग आज हा अबोला का, असे तो विचारतो. आणि काही श्लोकांच्या अंतराने, मनानेसुद्धा आपण कधी तिचे अप्रिय केले नाही, असेही म्हणतो. प्रश्नावलीच्या दृष्टीने ही उत्तरे परस्परविरोधी म्हणून बाद होतील. कालिदासाच्या दृष्टीने मात्र ती एकाच माणसाची, एकाच वेळची, दोन्ही खरी अशी उत्तरे आहेत. नाट्यशास्त्रातील तेहेतीस व्यभिचारी भावांच्या यादीत अपराधभाव स्वतंत्रपणे नाही. पश्चात्ताप तेथे व्रीडेच्या विभावांत येतो. ही उणीव असेल. पण ज्या भावाला दुसऱ्या भावांच्या आधाराशिवाय उभे राहता येत नाही त्याला यादीत आसन न मिळणे साहजिकही आहे.

महाभारताचा शांतिपर्व ज्या दृश्याने सुरू होतो ते या दृष्टीने सर्वांत कठोर आहे. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला कळते ते त्याला तिलांजली देण्याच्या वेळी. जिवंतपणी जो शत्रू होता तो मेल्यावर आप्त होतो. मग युधिष्ठिर मागचा काळ चाळू लागतो, आणि त्याला आठवते ते असे: द्यूतसभेत कर्णाची कटू वाक्ये ऐकून उसळलेला आपला राग कर्णाच्या पायांकडे पाहताच ओसरला होता, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. खूण डोळ्यांसमोर होती आणि तिचा अर्थ कळला नव्हता. लिंडमन यांनी ज्याला पुराव्याचा शोध म्हटले तो हाच. फक्त येथे पुरावा काल्पनिक नाही. पाय खरोखरच तसे होते. युधिष्ठिर दोषी आहे काय? त्याला माहीत नव्हते. तो निर्दोष आहे काय? त्याने पाहिले होते. या दोहोंमधल्या जागेत तो राज्य टाकायला निघतो. भाऊ, द्रौपदी, नारद, व्यास, कृष्ण सारे त्याची समजूत घालतात. कोणाचाही युक्तिवाद चुकीचा नाही आणि कोणाचाही पुरत नाही. मध्येच त्याचा शोक रोषात पालटतो आणि स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप तो देऊन बसतो. एका आईच्या मौनाची शिक्षा सगळ्या स्त्रीजातीला; अपराधभावाचा हा उलटा फटका त्याच्या चरित्रातील फार हीन क्षणांपैकी एक आहे, आणि व्यासांनी तो गाळलेला नाही.

अखेर व्यास त्याला अश्वमेध सांगतात. अश्व फिरतो, यज्ञ होतो, दानाला सीमा राहत नाही. प्रायश्चित्ताची जी काही परिमाणे असतील ती सारी भरून निघतात. आणि मग अर्धे अंग सोन्याचे झालेले एक मुंगूस यज्ञमंडपात येते. कुरुक्षेत्रातल्या एका दरिद्री ब्राह्मणाच्या कुटुंबाने उपाशीपोटी अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाच्या कणांत लोळून त्याचे ते अंग सोन्याचे झाले होते. उरलेले अर्धे अंग घेऊन ते एवढ्या मोठ्या यज्ञापर्यंत आले. ते येथेही लोळले आहे. काही झालेले नाही. हा सारा यज्ञ त्या एका प्रस्थभर पिठाच्या बरोबरीचा नाही, असे ते जमलेल्या ऋत्विजांना सांगते. प्रस्थ म्हणजे चार कुडव. घरातली चार माणसे होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक कुडव आला होता.